‘डोकं फिरलं’च्या पलीकडे

फॉरेन्सिक मानसशास्त्र म्हटलं की आपल्याकडे लोकांना नार्को चाचणी आठवते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी खटल्यात या चाचणीच्या सक्तीला मनाई केली, तरी ती काही लोकांच्या डोक्यातून गेली नाही. नवी ओळख झाली की समोरचा हमखास विचारतो, ‘म्हणजे तुम्ही आरोपींकडून खरं काढून घेता?’ तसं काही नसतं. माझ्यासमोर माणूस येतो तेव्हा काय घडलं आणि कोणी केलं हे बहुतेक वेळा ठाऊकच असतं. त्या कृत्याने त्याच्या मनात कोणतं काम केलं, आणि ते पुन्हा घडू नये म्हणून काय करता येईल, एवढंच आम्ही शोधतो.

या कामाला फॉरेन्सिक सायकोथेरपी म्हणतात आणि त्याचं माहेर लंडनचं पोर्टमन क्लिनिक. गुन्हेगारीच्या मानसिक बाजूचा अभ्यास करायला १९३१ साली तिथे एक संस्था निघाली, तिच्यातून हे क्लिनिक उभं राहिलं. १९४८ पासून ते ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत आहे. आपल्याकडे या नावाने फारसं काम चालत नाही. पण अत्याचार झालेल्या बायकांसाठी मुंबई पोलीस आयुक्तालयात १९८४ पासून ‘टिस’ या समाजविज्ञान संस्थेचा विशेष कक्ष आहे, आणि २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं. मी अशाच एका केंद्रात आधी बायकांबरोबर काम केलं. पुढे कारागृहातले आणि कोर्टाने पाठवलेले पुरुषही माझ्यासमोर बसू लागले. दोन्ही बाजू ऐकून जे हाती लागलं ते इथे मांडतेय. ओळख पटू नये म्हणून माणसांचे तपशील बदलले आहेत.

१. ‘डोकं फिरलं’ इथे चौकशी संपत नाही, सुरू होते

पहिल्या भेटीत जवळजवळ प्रत्येक जण हेच सांगतो. ‘मॅडम, डोकं फिरलं. काय करतोय ते कळलंच नाही.’ घरचेही तेच म्हणतात: तापट आहे, पण मनाचा वाईट नाही. कुकरमध्ये वाफ कोंडली की शिट्टी होणारच, तसा हा राग आहे असा सगळ्यांचा समज.

मग मी त्या संध्याकाळचा हिशोब मागते, मिनिटामिनिटाचा. एका टेम्पोचालकाने सांगितलेली हकिकत अशी. तो कामावरून आला, हातपाय धुतले. बायको ओट्याशी पोळ्या लाटत होती, मोबाइल खांदा आणि कानाच्या मध्ये धरून आईशी बोलत होती. बोलता बोलता ती हसली. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. मुलीला ‘खाली जाऊन दुधाची पिशवी घेऊन ये’ म्हणून पाठवलं. खिडकी ओढून घेतली आणि मग बायकोला मारलं.

‘घरात दूध नव्हतं का?’ मी विचारलं. बराच वेळ तो टेबलाकडे बघत राहिला. म्हणाला, ‘होतं.’

त्याच दुपारी माल उतरवताना मालकाने चार हमालांसमोर त्याची आईबहीण काढली होती. तिथे त्याचं डोकं फिरलं नव्हतं. ‘हो साहेब’ म्हणून तो निघून आला होता. म्हणजे ब्रेक शाबूत होते. कुठे लावायचे आणि कुठे सोडायचे हेही त्याला कळत होतं. दारूचंही तसंच. दारूने हात सैल होतो हे खरं. पण दारू पिऊन फौजदाराच्या अंगावर कोणी जात नाही, घरी मात्र येतो. व्यसन सुटलं आणि मार तसाच राहिला, अशी घरं मी पाहिली आहेत. व्यसनमुक्ती हवीच, पण ती झाली म्हणून फाइल बंद करू नये.

२. त्या माराने त्याचं काय साधलं, ते विचारा

‘का मारलं?’ या प्रश्नाला सबब मिळते. ‘मारल्यावर कसं वाटलं?’ या प्रश्नाला माहिती मिळते. टेम्पोचालक म्हणाला, ‘खरं सांगू? मोकळं वाटलं. घर एकदम शांत झालं.’ ती कशाला हसली हे त्याला ठाऊक नव्हतं. पण ‘आज याला भाडं किती कमी मिळालं ते आईला सांगून हसतेय’ असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. दुपारी गिळलेला अपमान संध्याकाळी तिच्या अंगावर उतरला, आणि त्याला हलकं वाटलं.

जेम्स गिलिगन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने मॅसॅच्युसेट्समधल्या तुरुंगांत वर्षानुवर्षं काम केलं. त्याचं हिंसेवरचं पुस्तक १९९६ चं. भीषण गुन्हे केलेल्या माणसांशी बोलून तो ज्या निष्कर्षाला आला तो थोडक्यात असा: हिंसेच्या मुळाशी बहुतेक वेळा लाज असते, आणि इतक्या क्षुल्लक गोष्टीची लाज वाटावी याचीही पुन्हा लाज असते. म्हणून माणूस रागाबद्दल भरभरून बोलतो, लाजेबद्दल चकार शब्द काढत नाही. आपल्याकडे ती वेगळ्या कपड्यांत येते. ‘तिने चार माणसांत माझी लायकी काढली.’ ‘बायकोच्या पगारावर जगतो म्हणतात.’ ‘सासरी माझा मान राहिला नाही.’ अशी वाक्यं आली की मी पेन खाली ठेवते. कामाचं बोलणं तिथून सुरू होतं.

३. लाज सगळ्यांना वाटते, परवाना मात्र एकालाच असतो

इथे एक धोका आहे. लाजेची गोष्ट ऐकून मन विरघळतं आणि मारणाराच बिचारा वाटू लागतो. म्हणून लगेच दुसरा प्रश्न विचारायचा. त्याच घरातली बाई चार घरची धुणीभांडी करते, मालकिणीची बोलणी खाते, रेशनच्या रांगेत अपमान गिळते. ती संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला का बडवत नाही? लाज दोघांनाही वाटते. ती कोणावर काढायची याची मुभा मात्र एकालाच दिलेली असते.

ही मुभा किती खोल रुजली आहे ते २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसतं. नवऱ्याने बायकोला मारणं कोणत्या परिस्थितीत योग्य ठरतं, यासाठी सात कारणं पुढे ठेवली होती. निदान एका कारणासाठी तरी ते योग्य आहे असं ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी सांगितलं. बायका आणि पुरुष यांच्यात फरक जवळजवळ नाहीच. बायकांनी सर्वांत जास्त मान्य केलेलं कारण होतं सासू-सासऱ्यांचा मान न राखणं.

म्हणून मनाचा अभ्यास एकटा पुरत नाही. छळाचं ४९८अ कलम १९८३ साली आलं, घरगुती हिंसेचा कायदा २००५ साली झाला. ही स्त्री-चळवळीची कमाई आहे. चळवळीने परवान्यावर बोट ठेवलं, मानसोपचार तो परवाना वापरणाऱ्याच्या मनात शिरतो. यातलं एक सोडलं की दुसरं लंगडं पडतं.

४. जवळ आलं की गुदमरतो, दूर गेली की वेडा होतो

मर्विन ग्लासर या पोर्टमनच्या मनोविश्लेषकाने एक पेच मांडला आहे. काही माणसांना जवळच्या माणसात पार विरघळून जायचं असतं. पण जवळीक वाढली की आपण गिळले जाऊ, आपलं काही उरणार नाही अशी धास्ती बसते. म्हणून ती दूर सरतात. दूर सरली की टाकून दिल्यासारखं वाटतं, पुन्हा जवळ येतात. या येरझाऱ्यांत हिंसा हे अंतर राखायचं साधन होऊन बसतं. मार दिला की थोडं अंतर पडतं, आणि तरीही ती हातातून सुटत नाही.

माझ्याकडच्या एकाची बायको माहेरी गेली की त्याला झोप लागत नसे. दिवसभर फोन, मेव्हण्याला फोन, शेवटी थेट गाडी घेऊन दारात. ती परत आली की दोन-चार दिवस कौतुक. मग त्याला घरात ‘कोंडल्यासारखं’ व्हायला लागायचं, आणि कुठल्या तरी भाजीच्या मिठावरून सुरुवात व्हायची. बायको गरोदर असताना मार सुरू झाला, अशा हकिकती आम्ही ऐकतो तेव्हा लोक हळहळतात, ‘अशा वेळी तरी!’ पण काहींच्या बाबतीत ‘अशा वेळी’ हेच कारण असतं. आता ती आपली एकट्याची राहणार नाही, हे त्याला सोसत नाही.

५. हिंसा एका जातीची नसते

ग्लासरनेच आणखी एक भेद केला आणि रोजच्या कामात मला तो सर्वांत उपयोगी पडतो. एक हिंसा स्वतःला वाचवण्यासाठी होते, निदान त्याला तसं वाटत असतं. समोरच्याला काय वाटतं याच्याशी त्या घटकेला देणंघेणं नसतं, धोका नाहीसा व्हावा एवढंच हवं असतं. दुसऱ्या जातीत समोरच्याचं दुखणं पाहणं हाच हेतू असतो. ती थरथर कापली पाहिजे, तिने पाया पडलं पाहिजे. ही हिंसा चवीने, सावकाश केली जाते. पहिल्या जातीच्या माणसाला धास्ती ओळखायला शिकवता येतं. दुसऱ्याला तेच शिकवलं तर तो फक्त जास्त हुशार होतो.

या दुसऱ्या जातीत हात न उचलणारेही बसतात. एक सुशिक्षित गृहस्थ मला अभिमानाने म्हणाले, ‘मी आजवर तिला बोटही लावलेलं नाही.’ खरं होतं ते. तिचं एटीएम कार्ड त्यांच्या पाकिटात असायचं. भाजीला मोजून पैसे, संध्याकाळी हिशोब. तिच्या मोबाइलचा पासवर्ड त्यांनीच ठेवलेला. स्कूटरचं किलोमीटर ते रोज रात्री वहीत लिहून ठेवत. इव्हान स्टार्क या अमेरिकन अभ्यासकाने २००७ साली अशा घेराबंदीवर पुस्तक लिहिलं, आणि इंग्लंड-वेल्समध्ये २०१५ पासून तो स्वतंत्र गुन्हा आहे. आपल्या २००५ च्या कायद्यातही शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळ ही हिंसाच मानली आहे. तरी पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न येतो तो वळ दाखवायचाच.

६. ती निघते तेव्हा सर्वांत जास्त जपा

‘सोड ना त्याला’ हा सल्ला देणाऱ्याला वाटतं, दारातून बाहेर पडली की सुटली. चौथा मुद्दा आठवा: ज्याला तिचं दूर जाणं म्हणजे मरण वाटतं त्याच्यासाठी ही सर्वांत अवघड घडी. ब्रिटिश गुन्हेशास्त्रज्ञ जेन मॉन्क्टन स्मिथ यांनी जोडीदाराच्या खुनांचा अभ्यास करून २०१९ साली आठ टप्पे मांडले. ताबा सुटू लागणं, म्हणजे बहुधा तिने वेगळं होणं, हे त्यातलं निर्णायक वळण आहे. ‘अचानक घडलं’ असं बातमीत छापून येतं. मागे जाऊन पाहिलं तर पायऱ्या दिसतात.

म्हणून मी काही प्रश्न ठरवून विचारते. त्याने कधी गळा दाबला का? बाया हे आपणहून सांगत नाहीत, कारण वण राहिलेला नसतो आणि ‘एकदाच धरला होता’ असं त्यांना वाटतं. पण गळ्यावर हात गेला असेल तर पुढचा धोका कितीतरी वाढतो. इंग्लंडमध्ये २०२२ पासून गळा दाबणं हा वेगळा गुन्हा आहे तो याचसाठी. पुढचे प्रश्न: जिवे मारायची किंवा स्वतःला संपवायची धमकी देतो का? पाळत ठेवतो का? घरात हत्यार आहे का?

उत्तरं ‘हो’ असतील तर समुपदेशन बाजूला आणि आधी बंदोबस्त. जाणार असल्याचं भांडणात बोलून दाखवायचं नाही. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले यांच्या झेरॉक्स शेजारणीकडे. रोजची औषधं आणि थोडी रोकड एका पिशवीत. मोबाइलमधलं लोकेशन बंद. ११२ आणि १८१ हे मदतीचे क्रमांक तोंडपाठ. जवळचं सखी वन स्टॉप सेंटर कुठे आहे ते आधीच बघून ठेवलेलं. आणि घर तिनेच सोडलं पाहिजे असं नाही. २००५ च्या कायद्याच्या १९ व्या कलमाखाली मॅजिस्ट्रेट त्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतात. हे कलम बायकांना कोणी सांगितलेलंच नसतं.

७. ‘मग ती राहते कशाला?’ हा प्रश्न आधी स्वतःला विचारा

वर सांगितलेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के निघाल्या. बाकीच्या का गेल्या नाहीत? कुठे जायचं? माहेरी भावजय आलेली असते. धाकटीचं लग्न व्हायचं असतं. घर त्याच्या नावावर, मुलांची शाळा त्याच्या पगारावर. आणि मारणारा माणूस रोज मारत नाही. लेनोर वॉकर यांनी १९७९ साली दाखवलेलं चक्र आपल्या चाळीत आणि सोसायटीत तसंच फिरतं: ताण साचतो, मार होतो, मग गजरा येतो. गजरा घेऊन येणाऱ्या माणसाची ती वाट पाहत असते, आणि तो माणूसही खराच असतो.

ॲना मोट्झ या फॉरेन्सिक मानसतज्ज्ञाने अशा जोडप्यांवर लिहिलं आहे. स्वतःतला नकोसा भाग समोरच्यात ठेवायचा आणि तिथे त्याच्याशी भांडायचं, असं या घरांत चालतं. त्याला स्वतःची असहायता नको असते, ती तो तिच्यात पाहतो आणि चिरडतो. तिला लहानपणापासून स्वतःचा राग दाबायला शिकवलेलं असतं, तो राग तिच्या वतीने तोच करतो. हे समजलं की सुटायला मदत होते. पण जपून. हीच मांडणी आळशी हातात पडली की ‘म्हणजे तिलाच तसला नवरा आवडतो’ असं तिचं विद्रूप होतं. तिचं मन समजून घ्यायचं ते तिच्यासाठी वाटा शोधायला. माराची जबाबदारी वाटून द्यायला नव्हे.

८. आईपणाच्या आड काय चालतं तेही पाहा

अर्जेंटिनात जन्मलेल्या आणि पोर्टमनमध्ये काम केलेल्या एस्तेला वेल्डन यांचं ‘मदर, मॅडोना, होअर’ हे पुस्तक १९८८ साली आलं आणि बऱ्याच जणांना रुचलं नाही. पुरुषाची हिंसा बाहेर, दुसऱ्यावर जाते. बाईची हिंसा बहुधा स्वतःच्या शरीरावर किंवा त्याचाच भाग वाटणाऱ्या मुलावर उतरते, असं त्यांचं म्हणणं. आई म्हणजे देवी असं एकदा ठरवलं की हे कोणाला दिसतच नाही.

आमच्याकडे सात वर्षांचा एक मुलगा आला होता. पोटरीवर उलथन्याचा चटका, आणि शाळेत सांगायला ‘सायलेन्सर लागला’ असं पाठ केलेलं. आईने दिला होता. त्या दिवशी सकाळी तिला नवऱ्याने बदडलं होतं आणि सासूने दारात उभं राहून बघितलं होतं. ‘कशामुळे झालं?’ विचारलं तर म्हणाली, ‘ताई, तो अगदी बापासारखा बघत होता माझ्याकडे.’ त्या क्षणी तिच्यासमोर मुलगा नव्हताच.

अशा वेळी आधी मूल. मुलांसाठीची १०९८ हेल्पलाइन, बाल कल्याण समिती, डॉक्टर, सगळं रीतसर. त्यात कुचराई नाही. पण तिला ‘कसली आई ही’ म्हणून बाजूला टाकलं तर पुढचा चटकाही ठरलेला. ‘बायकाही मारतात’ हे वाक्य पुरुषांच्या हिंसेचा हिशोब चुकता करायला वापरणारे भेटतात. त्यांना एवढंच विचारावं: घरात कोण कोणाच्या पावलांना घाबरतं?

९. मूल झोपलेलं नसतं

‘पोरं झोपल्यावरच भांडतो आम्ही,’ असं आईबाप दोघेही सांगतात. पोरं पांघरुणात डोळे मिटून सगळं ऐकत असतात. ॲना फ्रॉइड यांनी १९३६ साली लिहिलं की घाबरलेलं मूल कधी कधी घाबरवणाऱ्याचंच रूप घेतं. मार खाणाऱ्याच्या जागी राहण्यापेक्षा मारणाऱ्याच्या जागी राहणं सोसतं. एका कैद्याला मी त्याच्या लहानपणाबद्दल विचारलं. तो म्हणाला, ‘बाप आईला मारायचा तेव्हा मी मध्ये पडायचो. नंतर पडायचं सोडलं.’ कधी सोडलं, हे विचारल्यावर त्याला एकाएकी रडू कोसळलं. आईची बाजू सोडली तो दिवस त्याला पक्का आठवत होता.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. घरात मार पाहिलेली सगळी मुलं पुढे मारकुटी होत नाहीत. बहुतेक होत नाहीत. ज्यांना कोणी तरी मोठं माणूस, एखादी आत्या, एखादे मास्तर ‘हे चुकीचं चाललंय आणि ते तुझ्यामुळे नाही’ असं सांगणारं भेटलं, त्यांना पुष्कळ आधार मिळतो. दुसरं, त्या कैद्याचे अश्रू खरे होते, पण ते म्हणजे जामीन नव्हे. लहानपणी झालेलं दुःख आणि मोठेपणी केलेलं कृत्य ही दोन्ही खाती उघडी ठेवायची, एकातून दुसरं वजा करायचं नाही.

१०. समेट घडवणं म्हणजे उपचार नव्हे

आपल्याकडे समुपदेशन म्हटलं की दोघांना समोरासमोर बसवायचं, दोघांचं थोडं थोडं चुकलं म्हणायचं आणि ‘संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच’ हे सांगून घरी पाठवायचं. नातेवाइकांपासून ठाणे अंमलदारापर्यंत सगळ्यांना हेच जमतं. घाबरलेली बाई त्याच्या शेजारच्या खुर्चीवर खरं बोलत नाही. बोलली तर त्याची किंमत रात्री मोजावी लागते. म्हणून जिथे भीती आहे तिथे मी एकत्र बैठक घेत नाही. तो वेगळा, ती वेगळी, शक्यतो दिवसही वेगळे.

घरगुती हिंसा कायद्याच्या २००६ च्या नियमांत समुपदेशनाबद्दल एक फार शहाणी अट आहे. झालेल्या हिंसेचं समर्थन समुपदेशनात करता येणार नाही, आणि हे त्या माणसाला सुरुवातीलाच सांगायचं. पहिल्यांदा वाचलं की वाटतं, मग त्याचं मन कसं उलगडणार? उलट याच अटीमुळे उलगडतं. ‘तिने उलट उत्तर दिलं म्हणून’ हे दार बंद झालं की त्याला स्वतःकडे बघावं लागतं. उलट उत्तर ऐकताना छातीत काय झालं, कोणाचा आवाज आठवला, हात उचलायच्या आधी काय ठरवलं, यावर मग बोलणं होतं. तिच्या वागण्याची यादी तोपर्यंत पुरत असते, जोपर्यंत ऐकणारा ती लिहून घेतो.

११. ऐकणाऱ्याचं मनही पुराव्यात धरा

असा माणूस समोर बसला की खोलीत काही ना काही घडतं. एक जण इतका नम्र होता की मी आले की उठून उभा राहायचा, पंखा माझ्या दिशेने वळवायचा. आमच्याकडे शिकायला आलेली मुलगी म्हणाली, ‘सर किती साधे आहेत, बाईच जरा आक्रस्ताळ्या वाटतात.’ त्याच वेळी दुसरी सहकारी त्याचं नाव निघालं तरी चिडायची. आठवड्याभरात टीममध्ये दोन तट पडले, चहाच्या वेळी दोघी बोलेनात. तेव्हा बैठकीत हेच विषय म्हणून घेतलं. त्या घरातही नेमकं हेच चालत होतं. सासर त्याच्या बाजूचं, माहेर तिच्या, आणि तो दोन्हीकडे गोड. त्याने जे घरात केलं ते न बोलता आमच्यात करून दाखवलं.

म्हणून या कामात वरिष्ठाशी ठरावीक दिवशी बोलणं ही चैन नाही. आज मला कोणाची दया आली, कोणाची किळस आली, कोणाची फाइल उघडायला मी टाळाटाळ केली, हे सगळं तिथे मांडायचं. ब्रॉडमूरच्या सुरक्षित मनोरुग्णालयात काम केलेल्या ग्वेन ॲडशेड यांनी बीबीसीची २०२४ ची रीथ व्याख्यानं हिंसेवर दिली. हिंसा करणाऱ्याला राक्षस म्हणून मोकळं होण्याला त्यांचा विरोध आहे. मला तो पटतो, तो दयेपोटी नाही. राक्षसाबद्दल विचार करावा लागत नाही. त्यामुळे दोन गल्ल्या सोडून राहणारा, गणपतीची वर्गणी नेमाने देणारा, पंखा वळवणारा माणूस नजरेतून सुटतो.

१२. बदल झाला का, हे तिला विचारा

मारकुट्या पुरुषांबरोबर गटात काम करण्याच्या पद्धती जगभर आहेत. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डुलुथला १९८१ साली सुरू झालेला कार्यक्रम सर्वांत प्रसिद्ध. आपल्याकडे मुंबईत ‘मावा’ ही पुरुषांचीच संघटना १९९३ पासून तरुणांमध्ये काम करते आहे. अशा गटांचे निकाल माफकच असतात. कोणी बदलतात, कोणी शब्द शिकून जातात. ‘मी माझ्या भावनांवर काम करतोय’ असं छान बोलणारा माणूस घरी गेल्यावर तेच शब्द बायकोवर उगारतो, हेही पाहिलंय. बदल सावकाश होतो, वर्ष-दोन वर्षं घेतो, आणि कोर्टाची तारीख डोक्यावर असली तर माणूस निदान येत राहतो.

म्हणून त्याच्या पश्चात्तापावर मी विसंबत नाही. तिला वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी भेटते आणि साध्या गोष्टी विचारते. या महिन्याचा पगार कोणाच्या हातात राहिला? एखाद्या गोष्टीला ‘नाही’ म्हणून पाहिलंत का, मग काय झालं? तो घरात असताना मुलं मोठ्याने भांडतात का? घाबरलेल्या घरातली मुलं फार शहाण्यासारखी वागतात, त्यामुळे ‘आता पोरं ऐकत नाहीत हो’ ही तक्रार मला कधी कधी चांगली खूण वाटते. कोर्टाला पाठवायच्या अहवालात त्याला झालेल्या पश्चात्तापाची एक ओळ असते. बाकीची पानं तिचा आणि मुलांचा गेला महिना कसा गेला यावर असतात.